वाचकांचे प्रश्न : शून्य लिहिण्याआधी

गेल्या अंकात मी माझ्या एका दिवंगत सहकाऱ्यांविषयी पानभर लिहिले होते. ज्यांच्या हाती तो अंक पडला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इंदूरच्या रामबागेत राहणारे, १९७१ साली देवी काढणारे कर्मचारी म्हणून सरकारी नोकरीत लागलेले आणि २००८ साली आरोग्य खात्यातूनच निवृत्त झालेले आमचे तात्या गेल्या कार्तिकात गेले. नोकरीतली बरीच वर्षे त्यांनी झाबुआ आणि धारकडच्या गावांमध्ये नारूच्या निर्मूलनात घालवली, आणि त्यांतली सात वर्षे मी त्यांच्या हाताखाली काम केले. या सदरात एरवी आहार, लसी, मुलांचे दात अशा विषयांवर प्रश्न येतात. या वेळची पत्रे जवळजवळ सगळी तात्यांविषयी किंवा त्यांच्या कामाविषयी असल्यामुळे हे सदर या महिन्यापुरते त्यांनाच देते. नाव न छापता नुसते ‘तात्या’ का लिहिले, असे दोघांनी विचारले आहे. ती त्यांचीच इच्छा होती आणि घरच्यांनीही ती पाळायला सांगितले, एवढेच त्याचे उत्तर आहे.

प्रश्न : माझी मुलगी वैद्यकीय महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. तुमचा लेख वाचून तिने विचारले की नारू म्हणजे नेमके काय, कारण तिच्या पुस्तकात त्यावर चार ओळींपलीकडे काही नाही. आम्हा नवरा-बायकोला काही सांगता आले नाही. ज्या रोगाला औषधच नव्हते तो गेला कसा, आणि त्यात तात्यांनी प्रत्यक्ष काय केले? (एक वाचक, देवास)

उत्तर : पुस्तकात चारच ओळी आहेत हे ऐकून तात्या खूश झाले असते. गेलेल्या रोगाने पुस्तकात उगाच जागा अडवू नये, असे त्यांचे म्हणणे असे.

नारू हा जंत आहे. त्याची मादी ६० ते १०० सेंटीमीटर लांब, शेवईएवढी बारीक आणि तशीच पांढरट असते. ती माणसाच्या कातडीखाली, बहुतेक वेळा गुडघ्याच्या खाली, जवळजवळ वर्षभर वाढत राहते, आणि त्या वर्षात माणसाला काहीही कळत नाही. मग एके दिवशी पायावर फोड येतो, त्याची आग होऊ लागते, आणि माणूस साहजिकच पाय गार पाण्यात घालतो. फोड फुटतो, जंताचे टोक बाहेर येते आणि पाण्याचा स्पर्श होताच मादी लाखो पिल्ले त्या पाण्यात सोडते. ती पिल्ले सायक्लॉप्स नावाचा, टाचणीच्या टोकाएवढा पाणकिडा गिळतो. तो पाणकिडा पाण्याबरोबर दुसऱ्या कुणाच्या पोटात जातो, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्या दुसऱ्याच्या पायावर फोड येतो. एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होणार नाही, असेही नाही. त्यावर लस नव्हती आणि आजही नाही, जंत मारणारे औषधही नाही. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत त्याला स्नायुक म्हटले आहे, म्हणजे आपल्या लोकांची त्याच्याशी ओळख किती जुनी ते पाहा.

आता यातली मेख कुठे आहे? आपल्या माळव्या-निमाडात बावडी म्हणजे पायऱ्यांची विहीर. ज्या पायरीवर उभे राहून बायका घागर बुडवतात, त्याच पायरीवर बसून दुखरा पाय पाण्यात सोडला जातो. आडाला हा धोका नाही, कारण आडाचे पाणी दोराने शेंदून वर येते आणि माणसाचा पाय पाण्यापर्यंत पोचतच नाही. त्यामुळे नारूच्या कामात डॉक्टरांइतकेच गवंड्यांचेही काम होते. पायऱ्या बंद करून भोवती कठडा बांधायचा आणि बावडीचा आड करायचा, आणि जिथे जमेल तिथे हातपंप बसवायचा, हे लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभागाकडे होते. आम्हा आरोग्याच्या माणसांकडे घरोघर फिरून रुग्ण शोधणे, जखम भरेपर्यंत त्याला पाणवठ्यापासून दूर ठेवणे, पाणवठ्यात ठरलेल्या मापाने टेमिफॉस टाकून पाणकिडे मारणे आणि लोकांना पाणी गाळून प्यायला लावणे, ही कामे होती. यांतले शेवटचे काम ऐकायला सगळ्यांत सोपे आणि करायला सगळ्यांत अवघड.

तात्यांच्या खांद्यावरच्या शबनममध्ये हॉटेलातला चहाचा काचेचा पेला असे, टॉवेलात गुंडाळलेला. पितळेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात पाणी नेहमी स्वच्छच दिसते, म्हणून पेला काचेचाच हवा, याबाबत ते फार काटेकोर होते. बावडीवर बायका जमल्या की ते पेला भरून उन्हाकडे धरत आणि काही न बोलता वाट पाहत. थोड्या वेळाने कुणीतरी जवळ येऊन पाही, आणि मग तिला पाण्यात झटके देत उड्या मारणारे पांढुरके ठिपके दिसत. एकीला दिसले की बाकीच्या येत. मग तात्या तेच पाणी दुहेरी कापडातून दुसऱ्या भांड्यात गाळत, पुन्हा पेल्यात घेत आणि पुन्हा उन्हाकडे धरत. ठिपके नसत. भाषण असे नसेच. मी नवीन असताना एकदा त्या शांततेत सायक्लॉप्सचे जीवनचक्र समजावून सांगायला सुरुवात केली, तर त्यांनी हातानेच मला थांबवले.

या गाळण्यातही एक गोम होती, आणि ती तात्यांना एका बाईने दाखवली, असे ते नेहमी सांगत. कापड ज्या बाजूने काल वापरले त्याच्या उलट बाजूने आज घागरीवर बांधले, तर काल वर अडकलेले किडे आज आत धुतले जातात. म्हणजे गाळूनही न गाळल्यासारखेच. त्या बाईने आपल्या कापडाच्या कोपऱ्याला लाल दोऱ्याचा एक टाका घातला होता आणि टाका नेहमी वर येईल असे ती कापड बांधत असे. त्यानंतर आम्ही वाटलेल्या प्रत्येक कापडाला वाटण्याआधी लाल टाका घालायचा, हा नियम झाला. शेकडो टाके मी स्वतः घातले आहेत, बहुतेक जीपमध्ये बसून, आणि त्यामुळे ते सरळ कधीच आले नाहीत.

उपचाराचे म्हणाल, तर जुनीच पद्धत होती. जंताचे बाहेर आलेले टोक काडीला गुंडाळायचे आणि रोज दोन-तीन सेंटीमीटर, फार झाले तर थोडे जास्त, असे हळूहळू ओढत न्यायचे. घाई केली आणि जंत तुटला, तर उरलेला भाग आत आखडतो, पू होतो, आणि घोटा किंवा गुडघा कायमचा आखडून जाऊ शकतो. हे सगळे पेरणीच्या सुमाराला. घरातला कर्ता माणूस महिनाभर खाटेवर पडला की त्या वर्षीचे शेत गेलेच म्हणून समजा. भिलांच्या गावात हे काडीचे काम बडवा करत असे, म्हणजे त्यांचा मांत्रिक आणि वैद्य. मला वाटले होते की तात्या त्याला हाकलून लावतील. तात्यांनी त्याला स्वच्छ पट्ट्या, जंतुनाशक आणि एक वही दिली. गावातला पहिला रुग्ण सरकारच्या आधी बडव्याला कळतो, तेव्हा त्याच्याशी भांडण घेणारा आंधळा होतो, असे त्यांचे म्हणणे होते. बडव्याला लिहिता येत नसे, म्हणून तो वहीत प्रत्येक रुग्णामागे एक रेघ ओढे. ती रेघ पाहून आम्ही घरी जात असू.

आकड्यांत सांगायचे, तर राष्ट्रीय कार्यक्रम १९८३-८४ च्या सुमाराला सुरू झाला, तेव्हा देशात वर्षाला सुमारे ४०,००० रुग्ण नोंदले जात होते आणि मध्य प्रदेश, राजस्थान, गुजरात, महाराष्ट्र, आंध्र प्रदेश, कर्नाटक आणि तमिळनाडू अशी सात राज्ये त्यात होती. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात, जोधपूर जिल्ह्यात सापडला. जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र फेब्रुवारी २००० मध्ये दिले. १९९६ आणि २००० यांमध्ये साडेतीन वर्षांचे अंतर का पडले, हे तुमच्या मुलीला विचारा. तिला उत्तर येत नसेल, तर पुढचा प्रश्न तिच्यासाठीच आहे.

प्रश्न : मी आरोग्य कार्यकर्ती आहे. तुम्ही लिहिले आहे की तात्यांना सर्वांत जास्त अभिमान त्यांच्या ‘शून्याच्या नोंदवह्यां’चा होता. आम्हालाही दर आठवड्याला रुग्ण नसले तरी शून्य भरून पाठवावे लागते, पूर्वी कागदावर आणि आता मोबाइलवर. जिथे काही झालेच नाही तिथे अहवाल कसला? मला तरी हा वेळेचा अपव्यय वाटतो. (एक वाचिका, इंदूर)

उत्तर : मलाही वाटत असे. म्हणून स्वतःची एक लाजिरवाणी गोष्ट सांगते. गेल्या अंकात ती लिहायचे धैर्य झाले नव्हते.

१९९७ सालचा मे महिना होता. आता आपल्याला माहीत आहे की देशातला शेवटचा रुग्ण आदल्या जुलैत सापडून गेला होता, पण तेव्हा तो शेवटचा होता हे कुणालाच माहीत नव्हते. नियम असा, की सलग तीन वर्षे शोध चालू ठेवून एकही रुग्ण मिळाला नाही तरच देश मुक्त मानायचा. त्यामुळे ज्या गावांत पूर्वी नारू होता त्या गावांत दर महिन्याला जाऊन नोंदवहीत आकडा लिहायचा, आणि तो आकडा बहुतेक शून्यच असे. माझ्या यादीत त्या दिवशी ११ पाडे होते, ज्यांना तिकडे फलिया म्हणतात. दहा पाडे संध्याकाळच्या आत झाले. अकरावा नाल्यापलीकडे, टेकडीच्या मागे, दोन तासांच्या पायवाटेवर होता. ऊन मी म्हणत होते आणि जीपच्या चालकाला परत जायची घाई होती. रस्त्यावर त्याच पाड्याचा एक माणूस हाटाहून परतताना भेटला. मी विचारले, ‘कुणाला नारू आहे का?’ तो नाही म्हणाला, आणि मी अकराव्या ओळीत शून्य लिहिले.

रात्री विश्रामगृहात दिवे नव्हते. तात्या कंदिलाच्या उजेडात वही चाळत होते. अकराव्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी एकच प्रश्न विचारला : ‘या पाड्यात पाणी कुठून भरतात?’ मला सांगता आले नाही. ते काही बोलले नाहीत. वही मिटून ठेवली आणि झोपायला गेले.

पहाटे पाच वाजता दारावर थाप पडली. आम्ही दोघे चालत गेलो. भिलांची घरे एकमेकांना लागून नसतात, प्रत्येकाचे घर आपापल्या शेतात असते, त्यामुळे ३० घरांचा पाडा म्हणजे अर्धा दिवस. सातव्या की आठव्या घराच्या ओट्यावर दहाएक वर्षांचा मुलगा पाय सुजवून बसला होता. माझ्या पायांतले बळच गेले. तात्या त्याच्यासमोर उकिडवे बसले, पाय धुतला, बोटाने दाबून पाहिले, पिशवीतून सुई काढली आणि बराच वेळ खटपट करून बाभळीचा एक काटा बाहेर काढला. पुढची सगळी घरे पाहिली. पाणी नाल्याच्या वाळूत खणलेल्या झिऱ्याचे होते. तेही पेल्यात घेऊन पाहिले. नारू कुठेच नव्हता.

परत येताना मी सुटकेच्या सुरात म्हणाले, ‘म्हणजे माझा शून्य बरोबरच होता.’ तात्या थांबले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, ‘कालचा शून्य खोटा होता, ताई. आजचा खरा आहे.’ त्यांनी माझ्याकडून कालची ओळ एका रेघेने खोडून घेतली, खाली नवी तारीख घालून नवा शून्य लिहून घेतला आणि शेजारी माझी सही घेतली. ती वही वर गेली तेव्हा साहेबांनी विचारले की एकाच पाड्याच्या दोन ओळी का, आणि मला सगळ्यांसमोर कारण सांगावे लागले.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. न आलेला अहवाल आणि शून्याचा अहवाल या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याचा अर्थ ‘आम्ही पाहिले नाही’ असा होतो, आणि दुसऱ्याचा ‘पाहिले आणि नव्हते’ असा. कागदावर मात्र, ज्याने पाहिले त्याचा शून्य आणि ज्याने पाहिले नाही त्याचा शून्य एकसारखाच गोल दिसतो, आणि अडचण तिथेच आहे. पोलिओच्या कार्यक्रमाने यावर एक चांगली युक्ती काढली. अचानक लुळेपणा येण्याची पोलिओशिवायही अनेक कारणे असतात, आणि कुठल्याही लोकसंख्येत १५ वर्षांखालच्या दर एक लाख मुलांमागे वर्षाला किमान एक तरी असे मूल सापडायलाच हवे, हे मानक ठरले. तेवढीही मुले ज्या जिल्ह्याने शोधून काढली नाहीत, त्याच्या पोलिओच्या शून्यावर विश्वास ठेवायचा नाही. म्हणजे बाभळीचे काटे सापडत नसतील, तर नारू नाही हे म्हणणे पोकळ आहे. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये, हावडा जिल्ह्यात सापडला, आणि प्रमाणपत्र मिळाले २७ मार्च २०१४ रोजी. मधल्या तीन वर्षांत तुमच्यासारख्या किती जणींनी किती शून्ये लिहिली असतील!

मोबाइलवर शून्य भरायला दोन सेकंद लागतात हे खरे आहे. त्या दोन सेकंदांच्या आधीचे काम मोबाइल करत नाही.

प्रश्न : मी त्याच कार्यालयात अनेक वर्षे लिपिक होतो. तुमच्या लेखातले तात्या वाचून वाटले की हे कुणीतरी संत असावेत. आम्ही पाहिलेले तात्या चिडखोर होते, दौऱ्याची बिले कधी वेळेवर देत नसत, आणि एका आकड्यासाठी आम्हाला रात्री आठपर्यंत बसवून ठेवत. गेलेल्या माणसाविषयी चांगलेच बोलावे हे मान्य, पण इतके? (एक निवृत्त वाचक, इंदूर)

उत्तर : तुमचे पत्र मला सर्वांत जास्त आवडले. बिलांचे तर मी साक्षीदार आहे. एका मार्च महिन्यात त्यांनी आठ महिन्यांच्या दौऱ्यांची बिले एकदम आणून टेबलावर ठेवली होती, ज्यांतल्या निम्म्या तिकिटांवर चहाचे डाग होते. त्यांना राग येई तो तिथल्या तिथे येई, आणि तो कनिष्ठांवर जितका निघे तितका वरिष्ठांवर निघत नसे, हेही खरे आहे. आज मागे वळून पाहताना मला तो त्यांचा दोष वाटतो. नव्या मुलींना त्यांची भीती वाटे, आणि भीतीपोटी कुणी रुग्ण लपवला असता तर त्याची जबाबदारी त्यांच्यावरच आली असती. हे मी त्यांना एकदा बोलून दाखवले होते. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पोहे आणि जिलबीचा पुडा घेऊन कार्यालयात आले आणि सगळ्यांना वाटून मोकळे झाले. माफी मागितली नाही, आणि आम्हीही ती मागितल्याचे समजून घेतले.

एका आकड्यासाठी रात्री आठपर्यंत बसवण्याबाबत मात्र मी तुमच्या बाजूने नाही. तो आकडा कोणता होता हे तुम्हाला आठवते का? मला आठवतो. दोन तक्त्यांत एका गावाच्या पाणवठ्यांची संख्या चार आणि पाच अशी वेगवेगळी आली होती. पाचवा पाणवठा यादीतून सुटला असता, तर त्यात टेमिफॉस पडले नसते.

प्रश्न : तात्या दर दिवाळीत मुलांना इंदुरात जाळलेल्या उंदराची गोष्ट सांगत, असा उल्लेख तुम्ही केला आहे. ही गोष्ट खरी आहे की त्यांनी रचलेली? (दोन बहिणी, इयत्ता आठवी आणि सहावी, इंदूर)

उत्तर : खरी आहे, आणि तुमच्याच शहरातली आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंदुरात प्लेगची दहशत होती. होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस नावाच्या स्कॉटिश नगररचनाकाराला शहराचा अभ्यास करायला बोलावले. त्यांनी राजवाड्याभोवतीच्या पेठा, नदीचे काठ आणि गल्ल्या पायी फिरून पाहिल्या, आणि १९१८ साली दोन खंडांचा अहवाल दरबाराला दिला. पण त्याआधी, १९१७ साली, त्यांनी एक वेगळाच उद्योग केला. दिवाळीत त्यांनी एक मोठी मिरवणूक काढवली, आणि आधीच जाहीर केले की जिथले लोक आपली घरे आणि रस्ते सर्वांत चांगले स्वच्छ करतील तिथूनच ती जाईल. मग काय, झाडझूड, रंगसफेदी आणि कचऱ्याच्या गाड्यांची झुंबड उडाली. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा भला मोठा उंदीर होता, आणि स्वच्छ कपडे घातलेले सफाई कामगार मानाने चालत होते. शेवटी राक्षस आणि उंदीर जाळले.

मुलांना उंदीर आवडे. तात्यांना मिरवणुकीचा रस्ता आवडे. लोकांना काय करा हे न सांगता, ते केल्यावर काय मिळेल एवढेच सांगितले, यात गेडिससाहेबांची सगळी हुशारी आहे, असे ते म्हणत. आणि गोष्ट संपवताना न चुकता एक दुरुस्ती करत, की प्लेग उंदरामुळे नव्हे, उंदराच्या अंगावरच्या पिसवांमुळे पसरतो. उंदीर मेला की पिसवा माणसाकडे वळतात, म्हणून मेलेल्या उंदराला कधी हात लावू नका. ही दुरुस्ती ऐकून त्यांचा नातू एकदा म्हणाला होता, ‘मग पिसवाच जाळायला हव्या होत्या.’

प्रश्न : माझ्या आजीच्या दंडावर दोन गोल व्रण आहेत. ती म्हणते, ‘देवी काढल्या होत्या.’ तात्या हेच काम करत का? (एक वाचक, वडोदरा)

उत्तर : होय. देवीची लस दुतोंडी सुईने दंडावर एकाच जागी पंधरा वेळा टोचून देत. फोड येई, खपली धरे आणि व्रण उरे. तात्या १९७१ ते १९७५ या काळात हेच करत होते. देवीचा अखेरचा रुग्ण भारतात मे १९७५ मध्ये सापडला आणि दोन वर्षांनी, एप्रिल १९७७ मध्ये, देश देवीमुक्त झाल्याचे मान्य झाले. शून्याची सवय त्यांना तिथेच लागली असावी. आजींच्या व्रणाचा एक फोटो काढून ठेवा. ज्यांच्या दंडावर तो आहे त्यांच्यानंतरच्या पिढ्यांना तो दिसणार नाही.

प्रश्न : आमच्या दवाखान्यातल्या एक ज्येष्ठ परिचारिका तीस वर्षे लसीकरणाचे काम करून मागच्या महिन्यात वारल्या. शोकसभेत माझे नाव वक्त्यांत आहे. त्यांच्या आयुष्यात नाट्यमय असे काहीच घडले नाही. पुरस्कार नाहीत, वर्तमानपत्रांत फोटो नाहीत. ‘सेवाभावी’, ‘हसतमुख’ यापुढे मला काही सुचत नाही. तुम्ही तात्यांवर कसे लिहिले? (एक वाचिका, ग्वाल्हेर)

उत्तर : मी आधी वाईटच लिहिले होते. पहिल्या मसुद्यात ‘सेवाभावी’ दोनदा आणि ‘निःस्वार्थ’ तीनदा होते. मग तात्यांच्या मुलीने त्यांच्या खासगी रोजनिशा पाहायला दिल्या, आणि त्यांतल्या नोंदी वाचून मी तो मसुदा फाडला. त्यांत भावना म्हणावी अशी एकही ओळ नव्हती. ‘पायी ९ किलोमीटर. घरे ३१. रुग्ण ०. झिऱ्याचे पाणी पाहिले. ताईंना ऊन लागले, लिंबूसरबत दिले.’ एवढेच. तो माझाच दिवस होता. मला आठवत होता तो त्यांचा करडा चेहरा, आणि सरबताचे मी साफ विसरले होते.

म्हणून तुम्हीही कागदांपासून सुरुवात करा. तुमच्या बाई ज्या वस्तीत लस द्यायला जात तिचे नाव शोधा. लसींची थंड पेटी खांद्यावरून नेत की सायकलवरून, बर्फाच्या पिशव्या कुठे गोठवत, बाळ रडले की काय करत, आणि कोणत्या घराने त्यांना परत पाठवले होते व त्या घरी त्या पुन्हा कितीदा गेल्या, हे त्यांच्याबरोबर हिंडलेल्यांना विचारा. पोलिओच्या फेरीत ज्या घरातले मूल राहिले असेल त्याच्या दारावर खडूने फुलीची खूण करतात आणि लस दिल्यावर ती बदलून ‘पी’ लिहितात, हे तुम्हाला माहीत असेलच. तुमच्या बाईंनी बदललेल्या एका फुलीची हकिकत तुम्हाला मिळाली, तर भाषणाला आणखी काही लागणार नाही. आणि त्यांचा एखादा खटकणारा स्वभावही सांगा, प्रेमाने. नाहीतर आमच्या निवृत्त लिपिक वाचकांसारखे एक पत्र तुम्हालाही येईल.

भाषण पाच मिनिटांचे ठेवा. दवाखान्यात त्या दिवशी लसीकरणाची पाळी असेल, तर सभा ती आटोपल्यावर घ्या. मुलांना घेऊन आलेल्या आयांना ताटकळत ठेवून झालेली शोकसभा तुमच्या बाईंना आवडली नसती, असे तुम्ही लिहिलेल्या चार ओळींवरूनही मला वाटते.

तात्यांचा पेला त्यांच्या मुलीने मला दिला आहे. त्याला तळाशी एक बारीक चीर आहे, त्यामुळे चहासाठी वापरता येत नाही. नारूच्या काळात झाबुआ, धार या भागांत काम केलेल्या कुणाकडे लाल टाक्याचे गाळणीचे कापड उरले असेल, तर कृपया मला संपादकांच्या पत्त्यावर कळवा. माझ्याकडे एकही नाही.